कळसा: एका छोट्या ओढ्याचं नाव कोण ठेवतं?

या मालिकेत आपण बहुतेक वेळा पुस्तकांवर बोलतो. आज आमच्या हातात पुस्तक नाही. आज आम्ही एका ओढ्यावर बोलणार आहोत, पण बोलणं समीक्षेचंच आहे. त्या ओढ्याबद्दल गेली वीस-बावीस वर्षं जे लिहिलं-बोललं जातंय, म्हणजे निवाडा, प्रकल्पांची कागदपत्रं, वर्तमानपत्रांचे मथळे, सभांमधली भाषणं, ते सगळं एक मजकूर समजून वाचायचं. कोणता शब्द कुणी वापरला, कोणतं क्रियापद निवडलं, काय लिहायचं राहिलं, हे बघायचं. कवितेत आपण जे करतो तेच.

ओढ्याचं नाव कळसा. तुम्ही हे नाव बहुधा एकटं ऐकलेलं नसेल. ‘कळसा-भांडुरा’ असं जोडनाव ऐकलं असेल, कानडीत ‘कळसा-बंडूरी’. त्या जोडनावामागे ‘नाला’, नाल्यामागे ‘प्रकल्प’, प्रकल्पामागे ‘वाद’. एका छोट्या पाण्याच्या पाठीवर इतके शब्द चढलेत की खालचं पाणी दिसेनासं झालंय. आमचं म्हणणं एका वाक्यात सांगतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल: या वादातल्या दोन्ही बाजू कळशाचं नाव घेतात, पण दोघीही त्याला त्याच्या शेवटाकडून बघतात. तो उगवतो तिथून त्याच्याकडे कुणी बघत नाही. आणि पाण्याला शेवटाकडून नाव पडलं की त्याचे निर्णयही शेवटाकडेच होतात.

आधी जागा नीट समजून घेऊ. बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीकडे जाताना, घाट उतरायच्या आधी, जांबोटीच्या पुढे कणकुंबी हे गाव लागतं. तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. या भागात मराठी बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हा विषय मराठी व्याख्यानात ओढूनताणून आणलेला नाही. कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे आणि तिथेच मलप्रभेचा उगम मानला जातो, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटरवर. मलप्रभा पूर्वेला निघते. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, पट्टदकल-ऐहोळेच्या बाजूने जाते, सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास करून कुडलसंगमला कृष्णेला मिळते. तिथून कृष्णेबरोबर आंध्रातून बंगालच्या उपसागरात.

आणि याच कणकुंबीच्या शिवारातून कळसा पश्चिमेला निघतो. तो घाट उतरतो, गोव्यात सत्तरीच्या बाजूला म्हादईच्या पाण्यात जातो. म्हादई खाली गेल्यावर मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. कणकुंबीपासून पणजी सरळ रेषेत मोजली तर पन्नास किलोमीटरच्या आसपास.

चित्र डोळ्यासमोर आणा. एक गाव. एका अंगाला पडलेला पाऊस अख्खा द्वीपकल्प ओलांडून पूर्वेच्या समुद्रात जातो. दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस घाट उतरून पश्चिमेच्या समुद्रात. आपण शाळेत ‘जलविभाजक’ हा शब्द पाठ करतो, तेव्हा एखादा उंच सुळका असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो असा असतो: साधा चढ, शेत, झाडी. पागोळ्यांचं पाणी कुणीकडे वाहतं यावर ठरणारा. असं गाव राजकारणाच्या नजरेत भरणारच, कारण इथे थोडंसं खणलं की पाण्याची दिशा बदलता येते. दुसरीकडे त्यासाठी डोंगर फोडावा लागला असता.

भूगोलात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेकडचे ओढे उभ्या उतारावरून पडतात, म्हणून त्यांची झीज करण्याची ताकद जास्त. ते माथ्याकडे खणत खणत मागे सरकतात. लाखो वर्षांत एखादा पश्चिमेकडचा ओढा माथा फोडून पूर्वेकडच्या नदीचं डोक्याकडचं पाणी आपल्याकडे वळवून घेतो. भूगोलाच्या पुस्तकात याला ‘नदीचौर्य’ म्हणतात. शब्द बघा कसा आहे. दगड-पाण्याच्या व्यवहाराला आपण चोरी म्हणतो. निसर्गाने पूर्वेचं पाणी पश्चिमेला नेलं तर ते चौर्य. मग माणसाने पश्चिमेचं पूर्वेला नेलं तर त्याला काय म्हणायचं? कर्नाटकाची कागदपत्रं ‘वळवणे’ म्हणतात. गोव्यातले मथळे ‘पळवणे’ म्हणतात. मराठीत दोघांमध्ये फक्त एका अक्षराचा फरक, पण त्या एका अक्षरात सगळा खटला आला. ‘वळवणे’ म्हटलं की काम अभियंत्याचं झालं, ‘पळवणे’ म्हटलं की चोराचं. हे क्रियापद वाचूनच मथळा कुठल्या गावात छापला ते सांगता येतं.

क्रियापदांकडे पुन्हा येऊ. आधी नामाकडे बघू, म्हणजे ‘नाला’ या शब्दाकडे.

मराठीत लहान पाण्याला किती शब्द आहेत ते आठवून बघा. ओढा, ओहोळ, ओघळ, झरा, पाझर. कोकणात वहाळ आणि पऱ्ह्या. कोंकणीत व्हाळ, आणि नदीला न्हंय. कानडीत हळ्ळ हा ओढा आणि होळे ही नदी. मलप्रभेला मिळणाऱ्या बेण्णिहळ्ळ या पाण्याच्या नावातच तो हळ्ळ आहे. हे शब्द एकमेकांचे नुसते पर्याय नाहीत. ओघळ पावसापुरता असतो. पाझर दिसत नाही, ओल दिसते. ओढ्याला काठ असतो, तिथे धुणं होतं, गुरं उतरतात. ज्याचा त्या पाण्याशी जसा संबंध, तसा त्याचा शब्द.

‘नाला’ हा शब्दही आपलाच आहे, त्याच्याशी आमचं भांडण नाही. खेड्यात लोक सहज ‘नाल्याकडे गेलो होतो’ म्हणतात. पण या शब्दाचा प्रवास बघण्यासारखा आहे. तो हिंदुस्थानीतून इंग्रजांच्या बोलण्यात गेला, लष्करी वृत्तांतांत गेला, नकाशांवर गेला. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश काढला, ‘हॉब्सन-जॉब्सन’. त्यात ‘नल्ला’ला जागा आहे. साहेबाच्या नकाशाला एकच शब्द पुरे होता: जे नदी नाही ते सगळं नाला. वहाळ, हळ्ळ, ओहोळ, पऱ्ह्या सगळे एका खान्यात. स्वातंत्र्यानंतर तोच शब्द सरकारी मराठीत पक्का झाला. नालाबांध, सिमेंट नाला बांध, नाला खोलीकरण, नाला रुंदीकरण. महाराष्ट्रात डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं तेव्हा हे शब्द गावोगावच्या फलकांवर गेले. दुसरीकडे शहरात नाला म्हणजे सांडपाणी. पावसाळ्याआधी मुंबईत ‘नालेसफाई’ होते. म्हणजे आज मराठी वाचकाच्या मनात नाला या शब्दाचे दोनच अर्थ जोरात आहेत: एक, ज्याच्यावर काम काढायचं ते, दोन, ज्यात घाण सोडायची ते.

आता ‘कळसा नाला’ हा शब्दप्रयोग ऐका. हुबळीत, पणजीत किंवा दिल्लीत बसून ऐकणाऱ्याला काय दिसेल? जंगलातून उतरणारं स्वच्छ पाणी दिसेल का? त्याला दिसेल एक चर. आणि चराची दिशा बदलायला काय हरकत आहे?

इथे व्याकरणाची एक गंमत सांगतो. मराठीत एका वस्तूच्या लहान-मोठ्या आकाराची जोडी असली तर बहुधा मोठी वस्तू पुल्लिंगी आणि लहान स्त्रीलिंगी असते. सुरा आणि सुरी. दोर आणि दोरी. पळा आणि पळी. कळसा आणि कळशी. मराठी कानाला कळसा म्हटलं की पाण्याचं भांडंच आठवतं, आणि कळशीपेक्षा ते मोठं असतं. पण वाहत्या पाण्याकडे आलो की हा नियम उलटतो. नदी मोठी, ती स्त्रीलिंगी. ओढा, ओहोळ, वहाळ, नाला लहान, आणि ते पुल्लिंगी. याचा परिणाम भावनेवर होतो. म्हादई ही ‘ती’ आहे, म्हणून ती आई होऊ शकते. कळसा हा ‘तो’ आहे. त्याला माय कुणी म्हणत नाही, त्याची ओटी कुणी भरत नाही. आईवर हात टाकला की गाव उठतं. नाल्यावर हात टाकला की निविदा निघते. आता, म्हादईत जे पाणी आहे ते अशाच अनेक ‘तो’ पाण्यांचं मिळून झालेलं आहे. पण भक्ती सगळी संगमाच्या खाली सुरू होते.

भूगोलाचा शास्त्रज्ञ याबाबतीत आपल्यापेक्षा बरा. हॉर्टन यांनी १९४५ मध्ये आणि स्ट्रॅलर यांनी १९५२ मध्ये प्रवाहांना क्रमांक द्यायच्या पद्धती मांडल्या. स्ट्रॅलर यांच्या पद्धतीत ज्याला वरून दुसरा कुठलाही प्रवाह मिळत नाही तो पहिल्या क्रमाचा. असे दोन पहिले मिळाले की दुसऱ्या क्रमाचा. मोठ्या नद्यांचे आकडे मोठे. म्हणजे तिथे ‘पहिला’ हा मान सगळ्यात लहान पाण्याला आहे. मोजायला सुरुवात माथ्यापासून होते. आपल्या सार्वजनिक चर्चेत मोजायला सुरुवात मुखापासून होते, आणि माथ्यापर्यंत पोचायच्या आत आपण दमतो.

आता कागदपत्रांकडे येऊ. कायदा आहे आंतरराज्य नदी जलविवाद कायदा, १९५६. नावातच नदी आहे. या कायद्याच्या नजरेत ओढा स्वतंत्रपणे उभाच राहत नाही. तो अमुक नदीच्या खोऱ्यातला एक भाग म्हणून येतो. या कायद्याखाली नोव्हेंबर २०१० मध्ये लवाद नेमला गेला, अध्यक्ष न्यायमूर्ती जे. एम. पांचाळ. १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा आला, आणि २७ फेब्रुवारी २०२० ला तो केंद्राच्या राजपत्रात प्रसिद्ध झाला. म्हादईचं खोरं २,०३२ चौरस किलोमीटर धरलं आहे: गोव्यात १,५८०, कर्नाटकात ३७५, महाराष्ट्रात ७७. महाराष्ट्राचा हा तुकडा म्हणजे सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका, विर्डीचा परिसर. वाटप असं: गोव्याला २४ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३, कर्नाटकाला १३.४२. कर्नाटकाच्या वाट्यात ८.०२ टीएमसी जलविद्युतीसाठी, १.५ खोऱ्यातल्याच गरजांसाठी, आणि मलप्रभेत वळवायला ३.९. या ३.९ मध्ये कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८.

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. १.७२ टीएमसी म्हणजे जवळपास ४,८७० कोटी लिटर पाणी. वाद मोजायचा तर आकडे लागणारच, लवादाने आकड्यात बोलू नये असं आम्ही म्हणणार नाही. पण वाचक म्हणून काय होतं ते बघा. टीएमसीला ऋतू नसतो. ‘कळसा: १.७२’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, ओढ्यात बारा महिने काहीतरी सारखं वाहतंय आणि त्यातलं इतकं बाजूला काढायचंय. घाटमाथ्यावरचा ओढा तसा नसतो. जून ते सप्टेंबर तो तुफान असतो. मग उतरत जातो. उन्हाळ्यात धार बारीक होते, आणि त्या बारीक धारेवरच डोह टिकतात, जनावरं जगतात, खालच्या नदीला ओल मिळते. पावसाळ्यातलं एक टीएमसी आणि फेब्रुवारीनंतरच्या धारेतला एक थेंब, यांना एकाच मापाने मोजलं की अर्थ हरवतो. वर्तमानपत्रांनी निवाड्याच्या बातम्या दिल्या तेव्हा आकड्यांचे तक्ते छापले. त्या तक्त्यांत महिन्यांना खाना नव्हता.

आणि ते संयोगचिन्ह! कळसा-भांडुरा. हे दोन वेगळे ओढे आहेत. कळसा कणकुंबीचा, भांडुरा नेरसे गावाकडचा. तालुका एकच, खानापूर. पण दऱ्या वेगळ्या, रान वेगळं, गावं वेगळी. त्यांना जोडलं कुणी? प्रकल्पाने. दोघांचंही पाणी मलप्रभेत न्यायचं, म्हणून दोघे एका फायलीत आले. निसर्गात ते खाली कुठेतरी म्हादईच्या पाण्यात भेटतात. कागदावर ते मधल्या रेघेत भेटले. आज हजारो लोक हे एकच नाव समजतात. गोव्यातले विरोधकही जोडनावच वापरतात. विरोध करतानाही आपण प्रकल्पाचीच भाषा बोलतोय, हे लक्षात येत नाही.

कर्नाटकातच याचं दुसरं उदाहरण आहे. एत्तिनहोळे. नेत्रावतीच्या खोऱ्यातला एक छोटा प्रवाह, नावात ‘होळे’. त्याच्या आणि शेजारच्या काही ओढ्यांच्या पाण्यावर २४ टीएमसीची योजना उभी राहिली, आणि आता एत्तिनहोळे म्हटलं की लोकांना पंप आणि कालवे आठवतात. प्रवाहाचं नाव प्रकल्पाने घेतलं, आणि प्रवाहाकडे नाव उरलं नाही.

आतापर्यंतचं ऐकून कुणाला वाटेल, आम्ही गोव्याच्या बाजूने बोलतोय. तर आता दुसरीकडे वळू.

खालच्या नदीच्या नावावरूनच बघा. गोव्यात वरच्या भागात म्हादई, खाली मांडवी. कानडीत महदायी. लवादाच्या इंग्रजी नावात महादायी. नदीला टप्प्याटप्प्याने वेगळी नावं असणं आपल्याला नवीन नाही; भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. प्रत्येक गावाने आपल्या समोरच्या पाण्याला हाक मारलेली असते. पण वाद पेटला तशी नावं निशाणं झाली. म्हादई म्हणणारा एका बाजूचा, महदायी म्हणणारा दुसऱ्या बाजूचा. गोव्यातल्या भाषणांत म्हादई आई असते, जीवनदायिनी असते. ती भावना खरी आहे. सत्तरीतलं रान, १९९९ साली घोषित झालेलं म्हादई अभयारण्य, खांडेपारच्या पाण्यावरची ओपाची योजना, खालची खाजन शेती, हे सगळं त्या नदीकुटुंबावर उभं आहे. पण या भाषणांत कणकुंबीचा माणूस कुठे असतो? तो येतो तो ‘कर्नाटक’ म्हणून. ज्याच्या शिवारातून ओढा निघतो, ज्याच्या बांधाजवळ कालव्याचं खोदकाम झालं, तो शेतकरी गोव्याच्या मथळ्यात शत्रूच्या राज्यात राहतो, आणि कर्नाटकच्या मथळ्यात त्याचं गाव म्हणजे नुसतं प्रकल्पस्थळ. २००६ साली तिथे काम सुरू झालं, पुढे वादात अडकलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने सुधारित अहवालांना मान्यता दिली, तेव्हा पुन्हा गदारोळ झाला. दोन्ही वेळच्या गदारोळात राजधान्या बोलल्या. आईची भाषा करणाऱ्यांनी आईच्या डोक्याकडची गावं विचारात घेतली नाहीत, ही आमची त्यांच्याविरुद्धची तक्रार आहे.

तसंच दुसरं क्रियापद: ‘वाया जाणे’. कर्नाटकाच्या बाजूने हे सतत ऐकू येतं. समुद्रात वाया जाणारं पाणी तहानलेल्या उत्तर कर्नाटकाला द्या. नदी समुद्राला मिळते ते वाया जाणं, हे वाक्य नदीमुखाशी राहणाऱ्या माणसाला कधी सुचणार नाही. गोव्याच्या खाजन शेतीचा सगळा खेळच गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या तोलावर चालतो. भरतीचं खारं पाणी आत येतं, वरून गोडं पाणी त्याला दाबून धरतं, बांध आणि मानशींनी लोक ते सांभाळतात. वरचा जोर कमी झाला की खार आत सरकतो. म्हणजे समुद्रापर्यंत पोचलेलं पाणी वाटेत आणि मुखाशी काम करूनच पोचलेलं असतं.

इथे एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो: “हुबळी-धारवाडच्या लोकांना पाणी नको का? शब्दांच्या चर्चेने तहान भागते का?” प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून पुढे गेलो तर हे व्याख्यान पोकळ ठरेल.

हुबळी-धारवाडला मलप्रभेच्या धरणातून पाणी येतं. सौंदत्ती, नवलगुंद, नरगुंद हा कमी पावसाचा पट्टा आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी या पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, लाठ्या खाल्ल्या. ती तहान खरी आहे. लवादानेही पिण्याच्या पाण्याची गरज मानली म्हणूनच ३.९ टीएमसी दिलं. कर्नाटकाची मागणी ७.५६ ची होती. त्या निवाड्याला तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. म्हणजे समाधान कुणाचंच झालं नाही. तेव्हा पाणी द्यावं की नको याचा निकाल आम्ही या मंचावरून देणार नाही. तो अधिकार आमचा नाही.

पण शब्दांनी तहान भागत नसली, तरी कुणाची तहान मोजायची हे शब्दच ठरवतात. ‘नाला’ म्हटल्यामुळे कणकुंबीची गरज दिसत नाही. ‘वाया’ म्हटल्यामुळे मांडवीच्या मुखाची गरज दिसत नाही. ‘पळवणे’ म्हटल्यामुळे हुबळीची गरज दिसत नाही. तीन शब्द, तीन जागची माणसं पुसली गेली. आणि माणसं एकदा पुसली की तडजोड अवघड होते, कारण तडजोड माणसांशी करायची असते. मथळ्यांशी करता येत नाही. आमच्या हाती जे आहे ते एवढंच: शब्द वाचून दाखवणं.

मराठीत पाण्याबद्दल आणि जागेबद्दल वेगळ्या रीतीने लिहिलं गेलं आहे, आणि त्याला सातशे वर्षं होत आली. महानुभावांची ‘स्थानपोथी’. श्रीचक्रधर जिथे जिथे गेले, बसले, राहिले, त्या जागांची ही नोंद. वि. भि. कोलते यांनी तिचं संपादन केलं. तिच्यात कौतुक नाही, अलंकार नाही. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचं दार कुणीकडे, नदी कुठल्या अंगाला. लिहिणाऱ्याचे पाय त्या जागी टेकलेले आहेत हे वाक्यावाक्यातून कळतं. उद्या एखादा यात्रेकरू येईल आणि त्याला जागा सापडली पाहिजे, हाच हेतू. आम्ही तिला मराठी स्थलवर्णनाचा चांगला नमुना मानतो तो एवढ्यासाठी, की तिथे जागेला जागेवर उभं राहून नाव दिलेलं आहे. आमची अपेक्षा फार मोठी नाही. कळशाबद्दलच्या हजारो पानांत एक पान स्थानपोथीच्या जातीचं असावं: ओढा कोणत्या झाडीतून निघतो, कोणत्या बांधाला वळतो, कुणाचं शेत त्याच्या उजवीकडे, कुठला डोह मे महिन्यात टिकतो.

शेवटी एक नवं नाव. निवाडा राबवायला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये एक प्राधिकरण मंजूर केलं. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव अशा बेताने जुळवलंय की आद्याक्षरांतून ‘प्रवाह’ हा शब्द तयार व्हावा. समीक्षक म्हणून आम्हाला याची मौज वाटते. प्रवाह हे कार्यालयाचं नाव झालं, आणि वाहणाऱ्या कळशाला मात्र नाला म्हणायचं! (हशा) हसण्यावारी नेऊ नका. कार्यालयाला पाण्याचं नाव द्यायला कुणीतरी वेळ काढला, विचार केला. तेवढाच वेळ पाण्याला त्याचं नाव परत द्यायला काढता येतो.

हे व्याख्यान ऐकणारे तुम्ही कुठे कुठे आहात. पुण्यात असाल, गोव्यात असाल, बेळगावात असाल, परदेशात असाल. प्रत्येकाच्या गावाशेजारी एखादा कळसा आहेच, आणि त्याच्यावर आज ना उद्या एखादी योजना येणार आहे. तो कागद हाती आला की तीन गोष्टी त्यात शोधा. एक, ओढा कुठे उगवतो ते लिहिलंय का, की फक्त कुठे मिळतो तेवढंच? दोन, त्याच्या पाण्याला महिने आहेत का, की नुसता वर्षाचा आकडा आहे? तीन, त्याला स्थानिक लोक ज्या शब्दाने हाक मारतात तो शब्द एकदा तरी आलाय का? तिन्हींची उत्तरं नाही असतील, तर कागद बाजूने असो की विरोधात, तो लिहिणाऱ्याने ओढा पाहिलेला नाही. तसं त्याला लेखी विचारा. ग्रामसभेत विचारा. मराठीत एक म्हण आपण रोज वापरतो, काखेत कळसा आणि गावाला वळसा. या वादात वळसा तीन राज्यांनी आणि दिल्लीने घातला. कळसा होता तिथेच, कणकुंबीच्या शिवारात.

तर मंडळी, प्रश्न भरपूर आले आहेत, ते आता एकेक घेऊ.